जाळी काढली, झाड कुठं तोडलं?

यात्रांचे दिवस जवळ आले की पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतल्या डोंगरी गावांत देवराईच्या साफसफाईची गडबड सुरू होते. मुंबईहून चाकरमानी येणार असतात, पालखीला वाट हवी असते, महाप्रसादाचा मांडव टाकायचा असतो. पूर्वी चार माणसं कोयते घेऊन जायची आणि देवळापर्यंतची पायवाट मोकळी करून परत यायची. आता ब्रशकटर, म्हणजे झुडपं कापायचं यंत्र, भाड्यानं मिळतो आणि जेसीबी गावातच कुणाच्या तरी दारात उभा असतो. मग काम पायवाटेपुरतं राहत नाही. झाडांखालची झुडपांची दाट जाळी काढून देवळाभोवतीचा मोठा पट्टा एका दिवसात मोकळा होतो. उरतात ती मोठी झाडं, जांभूळ, बेहडा, आंबा, आणि त्यांच्या बुडाशी उघडी पडलेली लाल माती. फोटो काढले जातात, मंडळाच्या ग्रुपवर जातात, आणि आपण देवाचं काम केलं असं गावाला मनापासून वाटतं.

ही साफसफाई म्हणजे वृक्षतोड आहे, आणि ती तशीच मोजली गेली पाहिजे, हे मला या लेखात सांगायचं आहे. देवराईतली, कोयनेच्या काठची, महाबळेश्वरच्या उतारावरची जी झाडं जन्मभर माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या वर जात नाहीत, त्यांना आपण झाडच मानत नाही. कायद्यात ती नाहीत, मोजणीत नाहीत, आराखड्यात नाहीत. रानाच्या या मधल्या मजल्यावर काय काय जगतं हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांनी आता गप्प बसू नये.

पाटण तालुक्यातल्या एका देवराईत मागच्या उन्हाळ्यात अशी साफसफाई नुकतीच झालेली पाहिली. कडेला काटक्या-फांद्यांचा ढीग लावला होता. उन्हात पडूनही त्यातली बरीच पानं अजून हिरवीगार, चामड्यासारखी जाड. एक पान तोडून चुरगाळलं आणि लिंबाचा वास बोटांना लागला. फांदीवर पानाच्या बगलेत एकेक सरळ काटा. दुसरं पान उजेडाकडे धरलं तर आतून सुईनं टोचल्यासारखे अर्धपारदर्शक ठिपकेच ठिपके. त्या तेलाच्या पिशव्या. लिंबू, बेल, कवठ, कढीपत्ता, तिरफळ या सगळ्या कुळाची ती खूण. ढिगात पडलेलं झाड होतं माकडलिंबू. जवळच त्याची बुडखी होती, काही बोटाएवढी, काही मनगटाहून जाड, कोयत्यानं तिरकी छाटलेली.

तिथल्या गुरवमामांना विचारलं, इतकी झाडं का काढली? त्यांना प्रश्नच कळेना. म्हणाले, “आवो ताई, झाड येक बी न्हाई तोडलं. निस्ती जाळी काढली. देवाचं झाड आमी तोडू व्हय?” आणि ते खरंच बोलत होते. त्यांच्या वाडवडलांनी त्या राईतलं वाळकं लाकूडसुद्धा चुलीला नेलं नाही. वाघजाईच्या, भैरोबाच्या धाकानं सरकारच्या कुठल्याही खात्याला जमलं नसतं एवढं रान या लोकांनी राखलं. त्यांची श्रद्धा कमी पडली असं मी कधीच म्हणणार नाही. पण ‘झाड’ या नावाखाली कोण येतं आणि ‘जाळी’ म्हणून कोण बाहेर पडतं, ही रेघ पूर्वी कोयत्याच्या ताकदीनं आपोआप आखली जायची. यंत्र आलं आणि ती पुसली गेली. नियम तोच राहिला, हत्यार बदललं.

माकडलिंबू, शास्त्रीय नाव अटलांशिया रेसमोसा, हे सह्याद्रीच्या सदाहरित आणि निमसदाहरित रानातलं छोटं झाड. महाबळेश्वरच्या पठारावरचं रान म्हणजे अंजनी, जांभूळ आणि पिशा यांचं, असं वनस्पतिशास्त्राची पुस्तकं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्या झाडांच्या सावलीत जे दुसरं, बुटकं रान उभं असतं, त्यात हा असतो. पान एकटं, वर्षभर हिरवं, टोकाला बहुधा किंचित खाच. फुलं पांढरी, लहान, घोसानं येणारी, सुवासिक. फळ हुबेहूब छोट्या लिंबासारखं, पण गर नावापुरता आणि बियाच जास्त. लाकूड टणक. त्यापासून दाराची चौकट होत नाही, फळ बाजारात विकलं जात नाही, म्हणून त्याला भाव नाही.

भाव ठरवणारी एक आणखी ओळख मात्र त्याला आहे. २०१५ साली महाराष्ट्रानं आपलं राज्य फुलपाखरू जाहीर केलं. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. फुलपाखरू निवडलं राणी पाकोळी, कुणी तिला नीलवंत म्हणतं, पुस्तकांत ब्लू मॉरमॉन. पंख पसरले की बारा ते पंधरा सेंटीमीटर, मखमली काळे, त्यावर फिकट निळे पट्टे. पावसाळ्यात आणि त्यानंतर कोयनेच्या, चांदोलीच्या वाटांवर ती दिसते. ओढ्याकाठच्या ओल्या मातीवर नर पाणी शोषत बसतात. शेकरू, हरियाल, आंबा, ताम्हण यांच्या पंगतीला तिला बसवलं याचा मला आनंदच आहे. पण ती निळी पाकोळी होण्याआधी काही आठवडे अळी असते, आणि ती अळी वाटेल ते खात नाही. तिला लिंबाच्या कुळातलंच पान लागतं. बागेत असेल तर पपनस, लिंबू. रानात असेल तर माकडलिंबू, किरमिरा आणि त्यांचीच भावंडं.

मादी अंडं घालायला येते तेव्हा जरा थांबून बघावं. ती एका पानावर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपते, उडते, दुसऱ्यावर बसते. पायांनीच ती पानाची चव घेत असते. हवं ते पान सापडलं की एक अंडं, एकच, आणि पुढच्या झाडाकडे. अंड्यातून निघालेली अळी सुरुवातीला पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट-पांढरी, ओलसर, म्हणून पक्षी तिच्याकडे वळत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. डिवचलं तर डोक्यामागून लालसर, दुभागलेलं एक शिंगासारखं इंद्रिय बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. ज्या तेलामुळं गुरं आणि बरेचसे किडे त्या पानाला तोंड लावत नाहीत, तेच पान पचवायला ही अळी तयार झाली. झाड आणि किडा यांचं हे नातं माणूस या डोंगरात येण्याच्या कितीतरी आधीचं. देवराईतली जाळी साफ करताना आपण ते छाटतो, आणि त्याच सुमाराला शाळेच्या भिंतीवर राज्य फुलपाखराचं चित्र रंगवतो. दोन्ही कामं करणारी माणसं बहुतेक वेळा तीच असतात, आणि दोन्ही चांगल्या मनानं करतात. म्हणून तर हे बोलायला हवं.

इथं एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. राणी पाकोळी काही नामशेष होत चाललेली नाही. पुण्या-मुंबईच्या बागांत ती दिसते, साताऱ्यात कुणाच्या परसात लिंबाचं झाड असेल तर तिथंही येते. मग माकडलिंबू गेला तर तिचं काय बिघडतं? फुलपाखरू संपेल असा माझा दावा नाहीच. पण आपण तिला राज्याचं मानचिन्ह केलं ते सह्याद्रीच्या रानातलं फुलपाखरू म्हणून, लिंबाच्या बागेतली अळी म्हणून नव्हे. बागेत तिच्यावर फवारणी होते, कारण तिथं ती कीड असते. रान हेच तिचं बिनधोक घर. आणि राणी पाकोळी ही त्या मधल्या मजल्यावरची फक्त सगळ्यांना दिसणारी रहिवासी आहे. तिच्याच जातभाईंपैकी रेड हेलन नावाचं फुलपाखरू तिरफळाच्या पानावर वाढतं. अशी किती नाती त्या जाळीत आहेत हे मोजायच्या आधीच आपण जाळी काढून टाकतो आहोत.

मोजणीचाच प्रश्न मोठा आहे. रानातली झाडं मोजायची रीत अशी की छातीच्या उंचीवर खोडाचा घेर घ्यायचा, आणि बहुधा ३० सेंटीमीटरच्या खालचं सोडून द्यायचं. लाकडाचा अंदाज काढायला ही रीत ठीक आहे, कारण ती त्यासाठीच आली. पण सावलीत सावकाश वाढणारा माकडलिंबू कित्येक वर्षांचा होऊनही त्या घेरात बसत नाही. म्हणजे पाहणीच्या अहवालात ते रान त्याच्याशिवाय असतं. कायद्याचंही तसंच. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यात खासगी जमिनीवरचीसुद्धा काही झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्या यादीत साग, चंदन, खैर, हिरडा, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ अशी नावं आहेत. लाकूड, फळ, साल, काही ना काही विकलं जाणारी. माकडलिंबू, किरमिरा, तिरफळ त्यात नाहीत. २०२१ मध्ये शहरी भागांसाठीच्या वृक्ष कायद्यात सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हणून संरक्षण मिळालं. चांगलंच झालं. पण बुटक्या, बारीक खोडाच्या झाडाचं वय विचारायला तिथं कोण बसतं?

लागवडीची कथा याहून वेगळी नाही. २०१९ च्या पावसाळ्यात राज्यानं ३३ कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं. उत्साह होता, शाळकरी पोरांनीसुद्धा खड्डे खणले. पण रोपवाटिकेत जे भराभर उगवतं आणि पहिल्याच वर्षी फोटोत दिसेल इतकं वाढतं, तेच लावलं जातं. आपल्या जवळच्या रोपवाटिकेत जाऊन माकडलिंबाची दहा रोपं मागून बघा. तोडलेल्या जाळीची भरपाई कोटींच्या आकड्यांनी होत नाही, कारण त्या आकड्यांत जाळीतलं झाड कुठंच नसतं.

सांगलीकडच्या वाचकांना, विशेषतः तासगाव, कवठे महांकाळ, मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांना, मी एक गोष्ट आठवण करून देते. तुमची थॉमसनची बाग आज कुणाच्या मुळांवर उभी आहे? डॉगरिजच्या. ती वेल स्वतः खाण्याजोगी द्राक्षं देत नाही. अमेरिकेतल्या कोरड्या मुलखातली रानटी जात. पण क्षारपड पाणी आणि दुष्काळ सोसायची ताकद तिच्या मुळांत होती, म्हणून तिच्यावर कलम करून महाराष्ट्राची द्राक्षशेती टिकली. तिथल्या कुणी ती जाळी म्हणून साफ केली असती तर? माकडलिंबू हा लिंबू-संत्र्याचा रानटी भाऊबंद आहे. उद्या त्याच्यातून काय मिळेल याचं आश्वासन मी देत नाही. पिकांच्या रानटी नातेवाइकांत रोग आणि अवर्षण सोसायचे गुण दडलेले असतात, हे मात्र सांगली जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला पुस्तक न उघडता पटतं, कारण त्यानं ते आपल्या बांधावर पाहिलं आहे.

आता जाळी काढल्यावर त्या जागेचं काय होतं ते. ती जागा मोकळी राहत नाही. ऊन खाली पोचतं, पालापाचोळा वाळतो, आणि पहिल्या दोन पावसाळ्यांत तिथं रानमोडी आणि घाणेरी शिरते. ज्यांनी माकडलिंबू काढला त्यांना पुढच्या वर्षी ही काढावी लागते, आणि तिच्या मुळ्या सोडत नाहीत. कडेला गवत वाढतं. साताऱ्याच्या डोंगरांवर दर उन्हाळ्यात वणवे लागतात, बहुतेक माणसानंच लावलेले. देवराईच्या काठाशी आलेला वणवा पूर्वी आतल्या ओलाव्यात विझायचा, कारण काठावर दाट हिरवी जाळी होती आणि खाली ओला पालापाचोळा. आता त्याला वाळकं गवत थेट मोठ्या झाडांच्या बुडापर्यंत नेतं. ज्या जांभळाला, बेहड्याला देवाचं झाड म्हणून हात लावला नाही, त्याचीच साल होरपळते. शिवाय त्या मोठ्या झाडांची पुढची पिढी, हातभर उंचीची रोपं, याच जाळीत वाढत असतात. ब्रशकटर त्यांना ओळखत नाही. आज उभी असलेली झाडं म्हातारी होऊन पडतील तेव्हा त्यांच्या जागी उभं राहायला कुणी नसेल, आणि तेव्हा गाव म्हणेल की देवराई आपोआप विरळ झाली.

पावसाचंही सांगायला हवं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस पडतो. उंच झाडांच्या पानांवरून गळणारे थेंब जाड होऊन पडतात. मधला मजला असेल तर ते पुन्हा तुटतात, नसेल तर थेट माती उकरतात. जुलै २०२१ मध्ये आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, ते पाटण तालुका विसरलेला नाही. दरडीमागे कारणं अनेक असतात, एका झाडाशी तिचा संबंध जोडणं खोटं ठरेल. पण उतारावरची माती उघडी करताना आता तरी हात थांबायला हवा.

गावकऱ्यांची बाजू मी ऐकली आहे आणि ती हलकी नाही. बिबट्याची भीती खरी आहे. संध्याकाळी पूजेला जाणाऱ्या बाईला, क्लासहून परत येणाऱ्या पोरांना दोन्ही बाजूंनी दाट जाळी नको वाटते. सापाचं भय आहे. देवळाला सभामंडप हवा, कारण पाऊस चार महिने झोडपतो. यात्रास्थळाला ‘क’ वर्ग मिळाला की निधी येतो, आणि तो बहुधा पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीटच्याच कामाला बसतो, हे गावाच्या हातात नसतं. माझं मागणं एवढंच की वाट आणि देऊळ यांच्यापुरती मोकळीक ठेवा. वाटेच्या दोन्ही अंगांना चार-चार हात मोकळं असलं की पुढचं दिसतं, दिवा लावला की भीती कमी होते. त्यापलीकडची जाळी काढून बिबट्या जात नाही. तो तर कराड-पाटणकडं उसातही राहतो. आणि सभामंडप बांधायचाच असेल तर राईच्या बाहेर, काठावर बांधा. देव आत राहिला तरी माणसं बाहेर जेवू शकतात.

प्रश्न एखाद्या देवराईपुरता असता तर गावच्या बैठकीत सुटला असता. पण सातारा, जावळी, पाटण, महाबळेश्वर तालुक्यांतल्या २३५ गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’चा आराखडा आला आहे, राज्य रस्ते विकास महामंडळ त्याचं नियोजन प्राधिकरण आहे. याच पट्ट्याला लागून कोयना अभयारण्य आहे, कास पठार आहे, ही दोन्ही ठिकाणं २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. नकाशावर हिरवा रंग भरताना आभाळातून दिसणारी झाडांच्या शेंड्यांची छत्री मोजली जाते. रिसॉर्टवाला जागा घेतो तेव्हा मोठी झाडं तो हौसेनं ठेवतो, त्यांच्या सावलीचे तर पैसे मिळतात. खालचं सगळं काढून हिरवळ टाकतो. कागदावर एकही झाड तुटलेलं नसतं, आणि रान संपलेलं असतं. म्हणून पर्यटनाचा कुठलाही प्रस्ताव तपासताना खालच्या मजल्यावरच्या जातींची यादी मागितली पाहिजे, आणि ज्या जागेत अशी रानटी लिंबूकुळातली झाडं आहेत तिथं जमिनीपासून छत्रीपर्यंतचा सगळा झाडोरा जपायची अट घातली पाहिजे. ही अट वनस्पतिशास्त्रज्ञांनी सुचवावी, पण मागणी गावांनी करावी, कारण ऐकलं गेलंच तर गावाचं जाईल.

गावाच्या हातात एक कागद आहेच. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. राष्ट्रीय हरित लवादानं त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली, पुढे महिन्याला दहा लाखांचा दंड सांगितला, आणि राज्यभर घाईघाईनं वह्या भरल्या गेल्या. मी चाळलेल्या काही वह्यांत झाडांच्या पानावर आंबा, फणस, वड, पिंपळ, निलगिरी एवढंच होतं. माकडलिंबू, किरमिरा, तिरफळ, अंजनी यांची नावं नव्हती. त्या गावांतल्या कुणाही गुराख्याला किंवा हिरडा गोळा करणाऱ्या बाईला विचारलं असतं तर पाच मिनिटांत मिळाली असती. नोंदवही पूर्ण झाली म्हणून बंद होत नाही, तिच्यात भर घालता येते. समितीनं एक दिवस देवराईत जावं, सोबत गुरव, दोन म्हाताऱ्या बायका आणि शाळेतली चार मुलं न्यावीत, एकेक नाव विचारून लिहावं, आणि कुठल्या झाडावर कुठली अळी दिसते तेही लिहावं.

मग यात्रेच्या आधीच्या ग्रामसभेत ठराव करता येतो. देवराईत यंत्र नेऊ नये, वाट आणि देवळाचं अंगण सोडून कुठंही कोयता चालवू नये, आणि जाळी काढायचीच झाली तर आधी समितीनं खुणा कराव्यात, रानमोडी काढावी, माकडलिंबू ठेवावा. ज्या गुरवमामांशी मी बोलले त्यांना ढिगातलं ते चुरगाळलेलं पान हुंगायला दिलं होतं. त्यांनी लगेच ओळखलं, लहानपणी हीच लिंबं एकमेकांना फेकून मारायचो म्हणाले. खुणा करायला त्यांच्याहून चांगला माणूस पंचायतीला मिळायचा नाही.